काजळ्याचा चेहरा

काजळ्या पहिल्यांदा पडद्यावर उभा राहिला तेव्हा केतकी वाईंगडे चाळीस वर्षांची होती. चित्र तिच्याच डोक्यातून काढलेलं होतं. तरी तिची खुर्ची आपोआप दोन हात मागे सरकली.

"हाच!" निहार देवस्थळी टेबलावर थाप मारून ओरडला. "बाकीच्या दहा जणांचे राक्षस काय चुलीत घालायचेत? मला हाच पाहिजे!"

निहार दिग्दर्शक होता. सगळ्या घरादाराने मिळून बघावा असा एक भयपट तो कोल्हापुरात बनवत होता. मुलांनी आईच्या पदरात तोंड लपवावं आणि आईनेही हळूच बाबांचा दंड धरावा, असा. मात्र चित्रकाराने रेखाटलेला राक्षस त्याला नको होता. "तो मोठ्या माणसाने विचार करून काढलेला असतो," तो म्हणायचा. "मला पाच वर्षांच्या पोराने खरंच बघितलेला पाहिजे." त्यासाठी त्याने दहा माणसं गोळा केली, त्यांना आठवणी चित्रात उतरवणाऱ्या यंत्राखाली बसवलं, आणि दहाही जणांच्या डोक्यातून लहानपणी पाहिलेल्या कार्टूनचीच भुतं निघाली. शेवटी यंत्र चालवणारी केतकी स्वतः टोप घालून बसली.

तिला काजळ्या होता. हुपरीच्या घरी, परसातल्या मागच्या खोलीच्या खिडकीत, भर दुपारी सगळे झोपले की तो जाळीमागे येऊन उभा राहायचा. काळा, चकचकीत चेहरा. डोळ्यांना पापण्या नाहीत. हात पानांसारखे रुंद आणि हिरवट. तो दात वाजवायचा, कड्... कड्... असा. दहा वर्षांची होईपर्यंत केतकी परसात एकटी गेली नव्हती. अजूनही दुपारी दोन ते चार ती खोलीत एकटी बसत नसे. कुणी विचारलं तर एकटीने काम होत नाही म्हणायची.

आता काजळ्या सिनेमाचं नाव झालं होतं. चित्रीकरण संपलं होतं, त्याचा चेहरा संगणकावर पक्का झाला होता, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो राज्यभर झळकणार होता. पहिलं पोस्टर आठ दिवसांवर आलं होतं.

त्या यंत्राला स्मृतिदर्शक म्हणत. आठवण ही कपाटातल्या फोटोसारखी नसते, हे मेंदूच्या अभ्यासकांना फार आधीपासून ठाऊक होतं. आपण आठवतो तेव्हा मेंदू ते दृश्य नव्याने जुळवतो आणि नव्यानेच परत ठेवतो. प्रत्येक वेळी त्यात काहीतरी घुसतं. ऐकलेली गोष्ट, पाहिलेला सिनेमा, कुणाची थट्टा. स्मृतिदर्शकाने याच गोष्टीचा फायदा घेतला होता. आधी माणसाला तीन-चार हजार चित्रं दाखवायची आणि प्रत्येक चित्राला त्याचा मेंदू कसा उजळतो ते टिपून घ्यायचं. मग त्याला तीच एक आठवण तीस वेळा आठवायला सांगायची. तीस चित्रं एकमेकांवर ठेवली की त्यातलं जे दर वेळी बदलतं ते मनाने घातलेलं, आणि जे जराही हलत नाही ते डोळ्यांनी पाहिलेलं. यंत्रावर काम करणारे पहिल्याला 'भर' म्हणत आणि दुसऱ्याला 'गाभा'.

सिनेमावाल्यांना भरच हवी असे. गाभा हा त्या माणसाचा खाजगी ठेवा. तो त्याच्या हाती द्यायचा किंवा पुसून टाकायचा असा कायदाच होता. बहुतेक जण पुसा म्हणत. केतकीने आपला गाभा उघडलाही नव्हता. पोस्टरच्या आधी फाइली आवरायच्या म्हणून त्या दिवशी तिने यादी काढली, तेव्हा तिचंच नाव समोर आलं. सगळे जेवायला गेले होते, आणि कधी नव्हे ती केतकी एकटी होती. घड्याळात सव्वादोन वाजले होते.

पुसायच्या बटणावरचं बोट तिने उचललं आणि फाइल उघडली.

भर निघून गेल्यावर काजळ्याची उंची कमी झाली. धूर गेला. नखं गेली. हात पानांसारखे नव्हतेच. हातांना केळीची पानं गुंडाळली होती, दोऱ्याने बांधलेली. चेहरा काळा होता आणि तेलाने चकचकत होता. पापण्या नव्हत्या, कारण त्या जळल्या होत्या. डाव्या कानात एक चांदीची कुडी होती, आणि गळ्याशी मंगळसूत्राचे चार-पाच मणी मांसात रुतलेले दिसत होते.

ती बाई होती.

पळून जावं असं केतकीला वाटलं, पण ती बसून राहिली. तिने तेव्हा ऐकलेल्या आवाजाचाही गाभा यंत्राने काढला होता. तिने तो लावला. आधी नुसती खरखर. मग दात वाजल्यासारखं कड्... कड्. मग खरखर आणखी गाळली गेली, आणि घसा जळालेल्या माणसाचं कुजबुजणं उरलं.

"कडी... कडी काढ. केतू... कडी काढ."

तिला केतू म्हणणारं एकच माणूस होतं. शालनकाकू. तात्यांची, म्हणजे धाकट्या काकांची बायको. केतकी पाच वर्षांची असताना ती कुणाबरोबर तरी पळून गेली, असं घरात सांगत. पुढे तिचं नावही कुणी काढत नसे. तात्यांनी तिला बेळगाव, सोलापूर, पार हैदराबादपर्यंत शोधलं. दारू प्यायला लागले आणि चाळिशीतच गेले.

यंत्र चुकतं, केतकी स्वतःला म्हणाली. शंभरात चार-पाच वेळा चुकतं, हे तिला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिने गाडी काढली आणि हुपरीचा रस्ता धरला.

*

अण्णा, तिचे वडील, ओसरीवर खुर्ची टाकून पैंजणाच्या कड्या जोडत बसले होते. वय एकोणऐंशी. चांदीचा धंदा केव्हाच बंद झाला होता, पण हाताला काम लागायचं.

"आलीस व्हय? ये ये." ते समोरच्या घराकडे बघून मोठ्याने म्हणाले, "आमची केती! हिचाच काजळ्या येतोय बरं का पिच्चरला!" मग हळू आवाजात, "गल्लीतल्या सगळ्या पोरांना घेऊन जाणार आहे मी बघायला. न सांगता आलीस? जेवलीस का?"

"अण्णा, शालनकाकूचं काय झालं?"

"आता तिचं काय मधीच? पळून गेली की."

"मी तिला बघितलंय. मागच्या खोलीच्या खिडकीत. भाजलेली होती."

अण्णांनी चिमटा खाली ठेवला. "कोण म्हणतंय?"

"यंत्रात दिसलं."

"यंत्राला काय कळतंय? पाच वर्षांची होतीस तू. तापात बडबडायचीस."

"ती मला म्हणत होती, कडी काढ."

"काहीतरीच. तिचा घसा पार जळला होता," अण्णा म्हणाले. "तिला बोलताच येत नव्हतं. तुला कुठनं ऐकू येणार?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. केतकीलाही कळलं. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

अण्णा उठले. "आत ये," म्हणाले. ती आत गेली. तिच्यामागून त्यांनी दार लोटलं आणि आतून कडी घातली.

त्या आवाजासरशी केतकीच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. आजवर ती सगळ्यात जास्त काजळ्याला भ्यायली होती. आता समोर उभ्या असलेल्या, धोतर नेसलेल्या, तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणाऱ्या माणसाची तिला त्याहून जास्त भीती वाटली. दार त्यांच्या मागे होतं. दुसरा रस्ता परसातून होता, मागच्या खोलीवरून.

"भितीस काय? शेजारी ऐकतात म्हणून लावली."

"तिलाही हेच सांगितलं होतंत का?"

अण्णा पलंगावर बसले. ते सांगायला लागले तेव्हा त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता. जुना व्यवहार सांगावा तसं ते सांगत गेले, आणि तेच तिला सोसवेना.

मागच्या खोलीत चांदी आटवायची भट्टी होती. गॅसची नळी झिजली होती. शालनने दोनदा सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, दिवाळीचा माल निघू दे, मग बदलू. तिसऱ्या दिवशी नळी सुटली आणि आग थेट तिच्या तोंडावर आली. भट्टीला परवाना नव्हता. दवाखान्यात नेलं असतं तर पोलिसांनी जबाब घेतला असता. तात्या माल घेऊन आग्र्याला गेला होता. अण्णांनी ठरवलं, घरीच बरी करू. केतकीच्या आईने खोबरेल लावलं, केळीची पानं बांधली. बाहेरून कडी घातली, कारण ती सारखी उठून दाराशी यायची.

"नऊ दिवस जगली," अण्णा म्हणाले.

"नऊ दिवस?"

"रोज वाटायचं, आज उतार पडेल."

"आणि काजळ्या?"

"तू खिडकीशी जायला लागलीस. गल्लीत सांगितलं असतंस. काकू खोलीत हाय, काकू खोलीत हाय. मी म्हटलं, ती काकू न्हवं, काजळ्या हाय तो. जवळ गेलीस तर ओढून नेईल." त्यांनी धोतराचा सोगा सावरला. "दोन दिवसांत तुला खरंच वाटायला लागलं. किंचाळत पळून यायचीस. मग मला काळजी राहिली न्हाई."

ती बाई खिडकीशी येऊन एका पोरीला विनवत होती, आणि ती पोर तिला बघून किंचाळत पळत होती. नऊ दिवस.

"ती कुठंय, अण्णा?"

त्यांनी नुसती मान मागच्या बाजूला वळवली. "भट्टीच्या चौथऱ्याखाली. मी आणि तुझी आई, दोघांनीच. तात्याला म्हटलं, पळाली."

याच घरात ती वाढली होती. त्याच चौथऱ्यावर पुढे आई पापड लाटत बसायची.

"आता राहू दे गं," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "कोण राहिलंय विचारायला? तुझा पिच्चर येऊ दे. पोरं भितील, हसतील, घरी जातील. काजळ्या तो काजळ्याच राहू दे. माझी चार दिवसं राहिलीत. मला धरून देशील पोलिसात? बापाला?"

केतकी दाराशी गेली. कडीवर हात ठेवताना तिला वाटलं, मागून खांद्यावर हात पडेल. पडला नाही. बाहेर ऊन रणरणत होतं.

*

निहारला तिने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. आधी तो करारावर गेला. चेहरा भरीतून बनवलाय, गाभ्याशी आपला काय संबंध? सात वर्षं घातलीत मी यात. पोस्टर छापून तयार आहे. केतकीने वाद घातला नाही. एका पडद्यावर सिनेमातला काजळ्या लावला आणि शेजारच्या पडद्यावर गाभा.

भर गाभ्यावरच चढलेली होती; गालाचं हाड तेच होतं. मान कलती ठेवायची ढब तीच होती. चाचणीच्या खेळाला ज्या क्षणी दीडशे मुलं एकदम ओरडली होती, त्या क्षणी काजळ्या हात पुढे करत होता. गाभ्यात ती बाई तसाच हात पुढे करून जाळीला टेकवत होती.

निहारने स्वतःच दोन्ही पडदे बंद केले. "मी मुलांना शिकवत होतो, हिच्यापासून पळा म्हणून," तो म्हणाला. पोस्टर थांबलं. सिनेमा वर्षभर लांबला, आणि पुढे आला तेव्हा त्यात दुसराच कुणीतरी होता.

स्मृतिदर्शकाचं चित्र कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. फौजदार बाईंनी केतकीला तसं स्पष्टच सांगितलं. "चित्रावर मी काहीच करू शकत नाही. तुम्ही वडिलांविरुद्ध सही करून तक्रार देणार असाल, तर खोदायची परवानगी मागते." केतकीने सही केली.

अण्णा दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी, माणसं चौथऱ्याच्या चुकीच्या कोपऱ्यात कुदळ मारत होती तेव्हा, ते काठी टेकत आले आणि बोटाने जागा दाखवली. मग केतकीकडे पाठ करून परसातल्या दगडावर बसले. त्यांना पोलिसांच्या गाडीत बसवलं तेव्हाही त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. गल्लीतल्या एकाही घराचं दार उघडं नव्हतं, पण प्रत्येक खिडकीत माणसं होती.

*

शालनची धाकटी बहीण सुमन गडहिंग्लजजवळ राहत होती. पंचावन्न वर्षांची, रोपवाटिका चालवणारी, मातीने भरलेल्या हातांची बाई. केतकी गेली तेव्हा ती पिशव्यांत मिरचीची रोपं लावत होती. केतकीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसले तर सांगता येणार नाही असं तिला वाटलं.

सुमनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती काय बोलली काय?"

"कडी काढ म्हणाली."

"मग?"

"मी पळाले, मावशी. मला वाटलं, राक्षस आहे."

सुमनने हातातलं रोप पिशवीत नीट बसवलं, भोवतीची माती दाबली. "माझ्या वडलांनी तिचे सगळे फोटो जाळले," ती म्हणाली. "घराण्याला काळं फासलं म्हणून. आई मरताना विचारत होती, शालीचं पत्र आलं का. मी पण तिला शिव्या घातल्या. छत्तीस वर्षं." तिने पुढची पिशवी ओढली. "शिव्या घालून घालून तिचं तोंडच आठवेनासं झालंय मला. तुझ्याकडं हाय म्हणतीस?"

"माझ्याकडे आहे तो चेहरा नका बघू. तो भाजलेला आहे."

"मग चांगला शोध."

केतकी म्हणाली, "बघते." म्हणताना तिला कळलं की आपण काय कबूल केलंय.

आगीच्या आधीची एखादी आठवण डोक्यात असणारच होती. काकू तिला जेवू घालायची, वेणी घालायची. पण भीती ही मेंदूतली फार जोरकस गोष्ट आहे. शालनकाकूच्या बाजूने कुठल्याही वाटेने गेलं तरी मेंदू आधी खिडकीपाशीच नेऊन उभा करणार, हे केतकीला यंत्रावरच्या इतक्या वर्षांच्या कामाने माहीत होतं. खरं काय ते कळलं म्हणून भीती पुसली जात नाही. ज्ञान एका जागी साठतं, धसका दुसऱ्या जागी.

निहारने यंत्राची खोली तिला दिली. ती दुपारीच बसली, कारण त्या आठवणी दुपारच्या होत्या. टोप घातला, डोळे मिटले, आणि मनात म्हणाली, काकू.

जाळी. काळा चेहरा. पापण्या नसलेले डोळे. कडी काढ.

तिने टोप फेकून दिला आणि संडासात जाऊन ओकली.

दुसऱ्यांदा तेच. सहाव्यांदाही तेच. काजळ्या बाई आहे, ती बाई काकू आहे, काकू मदत मागतेय, हे सगळं ती मनात घोकत होती, आणि शरीर पाच वर्षांच्या पोरीसारखं थरथरत होतं. बाराव्या वेळी ती पळाली नाही. भीती कमी झाली नव्हती. ती नुसती खिडकीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मी इथेच आहे. त्या चेहऱ्याने तिच्याकडे बघितलं. ते बघणं तिने कसंबसं सोसलं. पुढे रोज दुपारी दोन वेळा, तीन वेळा ती तिथे जाऊन उभी राहू लागली. घरी आली की दिवे चालू ठेवून झोपायची.

एकोणिसाव्या वेळी खिडकीशी कुणी नव्हतं.

ती परसात होती. कुणीतरी तिला मांडीत घेतलं होतं आणि समोर ताटलीत दहीभात होता. वर बघितलं तर ऊन डोळ्यांत येत होतं. उन्हात एक तोंड होतं. केतकीला रडू फुटलं, पण तिने डोळे उघडले नाहीत. ती आठवण पुरेशी स्थिर व्हायला अजून तीस खेपा लागल्या, आणि त्यांतल्या निम्म्या खेपांना आधी जाळी ओलांडूनच जावं लागलं.

निघालेलं चित्र फार काही चांगलं नव्हतं. खालून वर बघितलेला चेहरा, अर्धा उन्हाने पांढरा पडलेला. नाक अंधूक. एक डोळा, कपाळ, आणि हसताना वर गेलेली हनुवटी. केतकीने ते कागदावर छापून घेतलं आणि गडहिंग्लजला नेलं.

सुमनने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग कागद घेतला. तिने तो उजेडाकडे धरला, मग पुन्हा डोळ्यांजवळ आणला. केतकीला वाटलं, यंत्र चुकलं. शंभरात चार-पाच वेळा चुकतं.

"ही खोक," सुमनने उजव्या भुवईवर बोट ठेवलं. भुवई मधेच तुटल्यासारखी होती. केतकीने ते पाहिलं होतं, पण त्याला भरच समजून सोडून दिलं होतं. "मी दगड मारला होता तिला. चिंचेवरनं भांडण झालं होतं आमचं. रक्त आलं तरी घरात सांगितलं न्हाई तिनं. पडले म्हणाली." सुमन हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला. "अगं, मी इसरलेच होते. मीच मारला होता."